१४० कोटींत एकही मॅच का नाही? एचएलए, जात आणि रजिस्ट्रीबद्दल जरा सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: भाचा, वय ९, सिव्हिअर अप्लास्टिक ॲनिमिया, म्हणजे बोनमॅरोत रक्त बनणं जवळपास थांबलंय, आणि दुसऱ्याचा बोनमॅरो बसवायचा (ट्रान्सप्लांट) विचार चालू आहे. त्यासाठी डोनरचं एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, जुळावं लागतं. सख्ख्या बहिणीचं एचएलए जुळलं नाही. रजिस्ट्रीत (मॅरो द्यायला तयार असलेल्यांच्या यादीत) सर्च टाकला तर भारतात पूर्ण जुळणारा कुणी नाही, जर्मनीत एक ९/१० दिसतोय, म्हणजे तपासतात त्या दहा खुणांपैकी नऊ जुळणारा. नातेवाइकांत कुणीतरी सांगितलं की आपल्याच जातीत शोधा, बाहेर मिळायचं नाही. मामा विचारतायत की १४० कोटींच्या देशात एक माणूस सापडू नये म्हणजे काय, आणि ते जातीचं म्हणतात ते खरं का.

मी एचएलए टायपिंगच्या लॅबमध्ये काम करतो, ट्रान्सप्लांट करणारा डॉक्टर नाही, त्यामुळे उपचाराचा शेवटचा शब्द तुमच्या हिमॅटॉलॉजिस्टचाच. पण "एवढ्या मोठ्या देशात कसं नाही" हे आमच्याकडे रिपोर्ट घ्यायला आलेला प्रत्येक दुसरा माणूस विचारतो आणि त्याला "नशीब" म्हणून वाटेला लावतात ते मला पटत नाही, कारण याला चक्क हिशेबातलं उत्तर आहे. तुमच्या भाच्याशी जुळणारी माणसं देशात बहुतेक आहेत, ती रजिस्ट्रीत नाहीत. आणि १४० कोटी हा आकडा इथं फसवा आहे, कारण एचएलएच्या बाबतीत भारत ही एक लोकसंख्या नाहीच, हजारो छोट्या लोकसंख्या शेजारी शेजारी राहतायत.

आता जरा मुळापासून. सहाव्या क्रोमोसोमवर एका लहानशा पट्ट्यात एचएलएचे जीन्स दाटीवाटीनं बसलेत. ए, बी, सी हे एका गटातले, डीआर, डीक्यू, डीपी दुसऱ्या गटातले. यांच्यापासून बनणारी प्रोटीन्स पेशीच्या बाहेरच्या बाजूला असतात आणि पेशीच्या आत काय चाललंय त्याचे छोटे तुकडे बाहेर धरून दाखवतात. टी-सेल, म्हणजे शरीराची पहारेकरी पेशी, येऊन ते तपासते. व्हायरसचा तुकडा दिसला की पेशी मारली जाते. आणि प्रोटीनच परकं दिसलं तरी तेच होतं, म्हणून ट्रान्सप्लांटमध्ये एवढी काटेकोर जुळवाजुळव करावी लागते.

आता या जीन्सचे प्रकार किती, तर जगभरात नोंदवलेले प्रकार आता ४० हजारांच्या वर गेलेत, आणि एकट्या बी मध्येच हजारो आहेत. माणसाच्या जीनोममध्ये एवढी विविधता दुसरीकडे कुठंच नाही. कारण रोगजंतू. प्रत्येक एचएलए प्रकार ठरावीक आकाराचेच तुकडे पकडू शकतो, त्यामुळे सगळ्यांचे प्रकार सारखे असते तर एखादा चलाख व्हायरस अख्खी वस्ती साफ करून गेला असता. वेगवेगळे असले की काही जण वाचतात. गांबियात १९९१ साली दाखवलं होतं की बी ५३ असलेल्या मुलांना सिव्हिअर मलेरिया कमी होतो, आणि पश्चिम आफ्रिकेत बी ५३ भरपूर आहे, हा योगायोग नाही. थोडक्यात, आज डोनर शोधताना जी विविधता तुमच्या जिवावर आलीय तिच्याच जोरावर आपले पूर्वज साथींमधून तगले.

हे सगळे जीन्स जवळजवळ असल्यामुळे एकगठ्ठा पुढच्या पिढीत जातात. त्या गठ्ठ्याला हॅप्लोटाइप म्हणतात, आम्ही समजावताना सीलबंद पाकीट म्हणतो. प्रत्येकाकडे दोन पाकिटं, एक आईकडचं, एक वडलांकडचं. (मध्येच पाकीट फुटून अदलाबदल होते, पण क्वचित, शंभरात एखाद्या वेळी.) आई-वडलांकडं मिळून चार पाकिटं, म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोन भावंडं असली तर निदान एक जुळायची शक्यता ४४ टक्के. पूर्वी घरात पाच-सहा मुलं असायची तेव्हा कुणीतरी जुळायचं, आता एक किंवा दोन मुलं, त्यामुळे भावंडांवर विसंबून राहायचे दिवस गेले. बहिणीचं जुळलं नाही यात तिचा किंवा कुणाचा दोष नाही हे तिला नीट समजावून सांगा, लहान मुलं ते फार मनाला लावून घेतात.

हिशेब बघा. समजा भाच्याची दोन्ही पाकिटं आपल्याकडं बऱ्यापैकी चालणारी आहेत, एक शंभरातल्या तीन पाकिटांएवढं आणि दुसरं शंभरातल्या दोनांएवढं. मग तीच जोडी असलेला माणूस भेटायची शक्यता २ गुणिले ०.०३ गुणिले ०.०२, म्हणजे साधारण ८३० लोकांत एक. असा पेशंट असला तर पाच लाखांच्या रजिस्ट्रीत त्याला शेकड्यांनी डोनर निघतात, ट्रान्सप्लांट टीमला उलट निवड करायची पंचाईत. आता समजा दोन्ही पाकिटं दुर्मीळ आहेत, प्रत्येक दहा हजारात एक. मग जोडी पाच कोटींत एक. १४० कोटींत असे २८ जण आज जिवंत आहेत, कुणी लातूरला दुकानात बसलाय, कुणी गुवाहाटीला कॉलेजात. पण पाच लाखांच्या रजिस्ट्रीत त्यांच्यातला एक असायची शक्यता एक टक्का. बस, "१४० कोटींत का नाही" याचं उत्तर एवढंच आहे, बाकी सगळा तपशील. आणि प्रत्यक्षात बहुतेक पेशंट या दोन टोकांच्या मध्ये असतात, एक पाकीट ओळखीचं, एक अनोळखी.

आपल्याकडं दात्री, मुंबईची मॅरो डोनर रजिस्ट्री, बंगळुरूची डीकेएमएस इंडिया (पूर्वीची डीकेएमएस-बीएमएसटी) अशा सगळ्यांच्या याद्या एकत्र केल्या तरी आकडा अजून लाखांत आहे. जर्मनीची लोकसंख्या सव्वाआठ कोटींच्या आसपास आणि डोनर जवळपास एक कोटी! जगभरातले मिळून चार कोटींच्या वर डोनर आहेत आणि तुमचा सर्च त्या सगळ्यांत फिरून आलाय, फक्त त्यात आपले लोक फारच थोडे. अमेरिकेच्या रजिस्ट्रीवर २०१४ साली एक मोठा अभ्यास आला होता, त्यात युरोपियन वंशाच्या गोऱ्या पेशंटला पूर्ण ८/८ (डीक्यू न धरता आठ खुणा) जुळणारा डोनर मिळायची शक्यता ७५ टक्के निघाली, दक्षिण आशियाई वंशाच्या पेशंटला ३३ टक्के. हॉस्पिटलं तीच, कॉम्प्युटर तोच, फरक फक्त यादीत कोण आहे याचा. तुमचे भाऊबंद अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, जर्मनीत असतील तर त्यांना तिथल्या रजिस्ट्रीत नाव घालायला सांगा, तिकडचा मराठी माणूस इकडच्या पेशंटच्या सर्चमध्ये दिसतो.

जर्मनीतला ९/१० बघून बरेच जण हुरळून जातात म्हणून एक उदाहरण देतो, आमच्या धंद्यातलं अगदी रोजचं. भारतात एक पाकीट खूप दिसतं: ए ३३:०३, बी ४४:०३, सी ०७:०६, डीआरबी१ ०७:०१ (अक्षर म्हणजे जीन, डीआरबी१ हा डीआरचाच, आणि आकडा म्हणजे त्याचा प्रकार). पंजाबपासून तमिळनाडूपर्यंत सापडेल. आता जपान-कोरियात जा, तिथंही ए ३३:०३ आणि बी ४४:०३ जोडीनं भेटतात, पण त्यांच्याबरोबर सी १४:०३ आणि डीआरबी१ १३:०२ असतं. युरोपात बी ४४:०३ आणि डीआरबी१ ०७:०१ एकत्र भेटतात, पण सोबत ए २९:०२ आणि सी १६:०१. म्हणजे जुन्या पद्धतीनं नुसतं "बी ४४, डीआर ७" एवढंच बघितलं तर आपला माणूस आणि स्पेनचा माणूस सारखेच वाटतील, आत उघडून बघितलं तर दोन लोकस (जीनच्या जागा) वेगळे. त्यात आणखी एक गंमत, सी ०७:०६ आणि सी ०७:०१ यांचा जो भाग सगळ्या लॅब वाचतात तो तंतोतंत सारखा आहे, फरक त्याच्या बाहेर, म्हणून कित्येक रिपोर्टमध्ये आपल्या लोकांचं ०७:०६ हे ०७:०१ च्या गटाखालीच छापलं जातं. ते चुकीचं नाही, पण रिपोर्टच्या शेवटी इंग्रजी जी लावलेलं दिसलं की समजायचं हा गट आहे, एकच प्रकार नाही.

अशी आणखीही उदाहरणं आहेत. युरोपात बी ८ आणि डीआर ३ बरोबर ए १ असतं, आपल्याकडं उत्तर भारतात त्याच बी ८-डीआर ३ बरोबर ए २६ जास्त सापडतं, हे दिल्लीच्या एम्समधल्या नरिंदर मेहरांच्या गटानं बऱ्याच वर्षांपूर्वी दाखवलं. युरोपात ए २ म्हटलं की बहुधा ०२:०१, आपल्याकडं ०२:११ भरपूर. म्हणून परदेशी डोनरचा जुना, लो-रिझोल्यूशन (फक्त ढोबळ गट सांगणारा) रिपोर्ट असेल तर कन्फर्मेटरी टायपिंग, म्हणजे बारकाईनं पुन्हा तपासणी, होईपर्यंत आनंद आवरा. आणि तो एक मिसमॅच कुठल्या लोकसवर आहे हे विचारा. ए, बी, सी, डीआर यातला एक न जुळणं म्हणजे जगण्याच्या शक्यतेत साधारण दहा टक्क्यांची घट असं मोठ्या अभ्यासांत दिसलंय, डीक्यूवरचा एकटा मिसमॅच त्यामानानं सौम्य धरतात. सी ०३:०३ विरुद्ध ०३:०४ असा मिसमॅच तर आम्ही जुळल्यातच जमा धरतो. ९/१० हा आकडा एकटा काही सांगत नाही.

आता जातीचं. इथं लोक दोन्ही बाजूंनी टोकाचं बोलतात, एक म्हणतो रक्त आपलंच लागतं, दुसरा म्हणतो जात-बित काही नसतं. दोन्ही अर्धवट आहे.

झालं असं की आपल्या पूर्वजांची सरमिसळ एकेकाळी मनसोक्त झालेली आहे. हैदराबादची सीसीएमबी ही संशोधन संस्था आणि हार्वर्डचे लोक यांनी २००९ आणि २०१३ च्या कामात दाखवलं की आजचे जवळपास सगळे भारतीय दोन जुन्या घटकांच्या मिश्रणातून आलेत, आणि ही सरमिसळ साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीपर्यंत चालू होती. नंतर ती थांबली. जातीतल्या जातीत, पोटजातीतल्या पोटजातीत लग्नं सुरू झाली आणि शेकडो पिढ्या नाही तरी पन्नास-साठ पिढ्या तशीच चालली. २०१७ च्या त्यांच्याच कामात २६३ गटांचे नमुने तपासले, त्यातल्या ८१ गटांत मूळ पूर्वजांची संख्या इतकी लहान निघाली की अश्केनाझी (युरोपातले) ज्यू आणि फिनलंडचे लोक, जे याबाबतीत जगात प्रसिद्ध आहेत, ते यांच्यापुढं फिके. आणि हे सगळे काही डोंगरातले चारशे लोकांचे गट नव्हते, दहा लाखांच्या वर लोकसंख्या असलेले समाजही त्यात होते. आंध्रातल्या वैश्य समाजाचं उदाहरण तर ॲनेस्थेशियावाल्यांना पाठ असतं: भूल देताना वापरतात त्या एका औषधाचं पचन नीट न होणारे लोक त्यांच्यात इतरांच्या मानानं कितीतरी जास्त, एकाच जुन्या पूर्वजाकडून आलेल्या बदलामुळे.

मग याचा एचएलएवर परिणाम काय? एका समाजात काही ठरावीक पाकिटं जास्त फिरतात, शेजारच्या समाजात दुसरी. त्यामुळे स्वतःच्या समाजातला, स्वतःच्या भागातला डोनर जुळायची शक्यता सरासरी जास्त, एवढं खरं. पण एचएलए हा जीनोममधला असा भाग आहे की जिथं विविधता टिकून राहावी असाच निसर्गाचा दाब असतो, त्यामुळे लहान समाजातसुद्धा प्रकार बरेच शिल्लक राहतात. आणि समाजासमाजांत फरक आहे तो प्रमाणाचा, असण्या-नसण्याचा नाही. वरचं ए ३३-बी ४४ वालं पाकीट ब्राह्मणांत आहे, मराठ्यांत आहे, दलितांत आहे, मुसलमानांत आहे. पाकिटावर जात छापलेली नसते. सर्च करणारा कॉम्प्युटर फक्त आकडे बघतो, आडनाव बघत नाही. म्हणून "फक्त अमुक समाजातील डोनर हवा" असं फिरवून तुम्ही उरलेल्यांना दार लावून घेता, त्यातून फायदा शून्य. समाजाच्या मेळाव्यात रजिस्ट्रीचं शिबिर लावा, ते खरोखर उपयोगाचं आहे, कारण ज्या समाजातून आजवर कुणीच नाव नोंदवलं नाही त्याची पाकिटं यादीतच नाहीत. पण शिबिराचा फायदा तुमच्या भाच्याला व्हायची शक्यता कमी आणि पुढच्या कुणाला तरी व्हायची जास्त, हे मनाशी स्पष्ट असू द्या. आणि नाव नोंदवताना घरच्यांशी बोलून मगच नोंदवायला सांगा. गालाच्या आतून स्वॅब द्यायला काही लागत नाही, पण दोन वर्षांनी फोन आला की आई म्हणते आमच्या मुलाच्या पाठीत सुई घालणार का, आणि डोनर मागं फिरतो. बहुतेक वेळा पाठीत-बिठीत काही नसतं हो, पाच दिवस इंजेक्शनं आणि मग प्लेटलेट देतात तसं मशीनवर चार-पाच तास बसायचं. पेशंटकडं तोपर्यंत तयारी सुरू झालेली असते, आणि डोनर फिरणं हे मुळात डोनर नसण्यापेक्षा वाईट.

व्हॉट्सॲपवर "बी पॉझिटिव्ह बोनमॅरो अर्जंट हवा" असले मेसेज फिरतात ते कृपा करून फिरवू नका. ब्लड ग्रुप जुळायची गरजच नसते, ट्रान्सप्लांटनंतर पेशंटचा ब्लड ग्रुप बदलून डोनरचा होतो. ब्लड ग्रुपचे जीन्स वेगळ्याच क्रोमोसोमवर आहेत. (बॉम्बे ब्लड ग्रुप, जो डॉ. भेंडे यांनी १९५२ साली मुंबईत शोधला, तोही याच्याशी संबंधित नाही, लोक मिसळतात म्हणून सांगितलं.)

विषय निघालाच आहे तर, ही विविधता फक्त ट्रान्सप्लांटपुरती नाही. फिट्ससाठी कार्बामॅझेपिन देतात. बी १५:०२ असलेल्या काही जणांना त्याची इतकी भयंकर रिॲक्शन येते की अंगाची कातडी सोलून निघते. चिनी लोकांत हा प्रकार १० ते १५ टक्के, भारतीयांत सरासरी २ ते ४ टक्के असं अमेरिकेच्या औषध खात्याच्या सूचनेतच लिहिलंय, आणि पुढं असंही की काही गटांत जास्त. या "सरासरी"वर माझा राग आहे. भारताची सरासरी म्हणजे कोकण आणि राजस्थान मिळून सरासरी पाऊस, छत्री घ्यायची का नाही ते त्यातून कळत नाही. तसंच गाउटसाठीच्या ॲलोप्युरिनॉलचं, तिथं बी ५८:०१ धोक्याचं, आणि ए ३३:०३-बी ५८:०१-डीआरबी१ ०३:०१ हे आपल्याकडचं अगदी नेहमीचं पाकीट आहे. ॲलोप्युरिनॉल मात्र गल्लीतल्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. एचआयव्हीच्या ॲबाकाविरला बी ५७:०१ चालत नाही, आणि गंमत अशी की तेच बी ५७ असलेल्यांच्यात एचआयव्ही हळू वाढतो.

पण जीन्स म्हणजे सगळं नाही हेही एका भारतीय अभ्यासातूनच फार सुंदर दिसलंय. सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणारा आतड्याचा आजार, त्याला डीक्यू २ किंवा डीक्यू ८ लागतं. बी. एस. रामकृष्ण, एम्सचे गोविंद मखारिया आणि सहकाऱ्यांनी उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतात लोक तपासले. हे प्रकार असणाऱ्यांचं प्रमाण तिन्हीकडं साधारण सारखंच, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. आजार मात्र उत्तरेत १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के. पोळी आणि भात, हा त्यामागचा एक मोठा फरक धरा. त्यामुळे एचएलए रिपोर्टमध्ये एखाद्या आजाराशी जोडलेला प्रकार दिसला म्हणून नेटवर वाचून घाबरू नका. बी २७ पॉझिटिव्ह रिपोर्ट घेऊन रडत आलेली माणसं मी बघितलीत, बी २७ शी जोडलेला मणक्याचा संधिवात त्यातल्या बहुतेकांना कधीच होत नाही.

एचएलएची जोडीदार असलेली केआयआर नावाची जीन्सची आणखी एक टोळी १९ व्या क्रोमोसोमवर आहे, नॅचरल किलर पेशी यांच्यामार्फत एचएलए वाचतात. त्यातही जपानमध्ये केआयआरचा ए गट भारी आणि भारतीयांत केआयआरचा बी गट बराच जास्त. काही सेंटर डोनर निवडताना हे बघतात, काही बघत नाहीत. तुमच्या केसमध्ये यावर झोप घालवू नका.

देशाचा नकाशा हळूहळू तयार होतोय. मुंबईत केईएमच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) इम्युनोहिमॅटॉलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथून मराठा, भिल्ल, पारशी अशा महाराष्ट्रातल्या गटांचं एचएलएचं काम पूर्वीपासून झालंय. जीनोम इंडिया प्रकल्पात १० हजार भारतीयांचे पूर्ण जीनोम वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांना खुला झाला. पण एचएलएचा भाग इतका गुंतागुंतीचा आहे की साध्या जीनोम सीक्वेन्सिंगमधून तो अचूक काढणं जिकिरीचं, आणि युरोपियन डेटावरून आपल्या लोकांचं एचएलए अंदाजानं भरलं तर नेमके आपले खास प्रकारच हुकतात. १० हजार हा आकडा ऐकायला मोठा, पण हजारो समाजांच्या देशात वाटून बघा.

आता तुमच्या कामाचं. सर्वात आधी एक प्रश्न: मुलाचे आई-वडील नात्यातले आहेत का? आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न चालतं, चुलत-मावस चालत नाही, आणि मामे-आते लग्न झालेल्या घरात डोनर शोधायची रीतच वेगळी. वडलांची पाकिटं क आणि ख, आईची क आणि ग असं समजा, म्हणजे दोघांच्या सामाईक आजी-आजोबांकडून आलेलं क दोघांकडं आहे. मुलांत चार शक्यता: क-क, क-ग, क-ख, ख-ग. यातलं क-ग आलेलं मूल आईशी पूर्ण जुळतं आणि क-ख आलेलं वडलांशी! म्हणजे अशा घरात निम्म्या मुलांना स्वतःचे आई किंवा वडीलच फुल मॅच. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या लग्नात दोघांकडं एक पाकीट समान असायची शक्यता चारात एक, म्हणून एकूण आठ मुलांत एकाला पालक पूर्ण जुळू शकतो, रजिस्ट्रीच्या मानानं हे प्रमाण कितीतरी मोठं आहे. तरी कित्येक ठिकाणी भावंडं झाली की थेट रजिस्ट्री सर्च टाकतात, आई-वडलांचं टायपिंगच करत नाहीत. ते आधी करा. नात्यातलं लग्न असेल तर आजी-आजोबा, आत्या, मावशी, त्यांची मुलं, सगळ्यांचे स्वॅब घेणं परवडतं. लग्न नात्याबाहेरचं असेल तर लांबच्या पन्नास नातेवाइकांवर पैसे घालवू नका, त्यातून फुल मॅच निघायची शक्यता तुटपुंजी. तुम्ही स्वतः मामा म्हणून टेस्ट करायला निघाला असाल तर बहिणीनं भाच्याला दिलेलं पाकीट तुमच्याकडंही असायची शक्यता निम्मी, म्हणजे अर्धे जुळाल, पूर्ण नाही.

आणि आता अर्धं जुळणं वाया जात नाही. पूर्वी हाफ मॅच म्हटलं की डॉक्टर मान हलवायचे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सच्या लोकांनी २००८ च्या सुमारास ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड द्यायची पद्धत बसवली आणि खेळ पालटला. त्या औषधानं नेमक्या चवताळलेल्या टी-सेल मरतात. टाटा मेमोरियलला १९८३ मध्ये देशातलं पहिलं बोनमॅरो ट्रान्सप्लांट झालं तेव्हा जुळणाऱ्या भावंडाशिवाय विचारच होत नव्हता, आज बऱ्याच भारतीय सेंटरमध्ये हाप्लो, म्हणजे हाफ मॅच ट्रान्सप्लांट, रोजचं काम झालंय, अप्लास्टिक ॲनिमियातसुद्धा. आई-वडील तर निदान हाफ मॅच असतातच, जुळलं नाही ती बहीणही हाफ मॅच असू शकते, तिचा रिपोर्ट परत काढून एक पाकीट सारखं आहे का बघा. कॉर्ड ब्लड बँकवाले फोन करतील, दुर्लक्ष करा. स्वतःच्या मुलासाठी खासगी बँकेत साठवायला शास्त्रीय आधार नाही असं आयसीएमआरनंच म्हटलंय. जर्मनीचा ९/१० घ्यायचा की घरातला हाफ मॅच, हा निर्णय मिसमॅच कुठला, मुलाला इन्फेक्शन आहे का, डोनर किती दिवसांत मिळेल, खर्च किती यावर ठरतो, आणि अप्लास्टिकमध्ये उशीर महागात पडतो, तर "अजून परफेक्ट मॅच येईल" म्हणून महिनोन्‌महिने वाट बघू नका.

टीमला डीएसए टेस्टबद्दल (डोनरविरुद्धच्या अँटीबॉडींची तपासणी) विचारा. सारखं रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात परक्या एचएलएविरुद्ध अँटीबॉडी तयार झालेल्या असू शकतात, आणि त्या नेमक्या आईच्या किंवा वडलांच्या प्रकाराविरुद्ध निघाल्या तर त्यांचा मॅरो न धरण्याचा धोका वाढतो. तेव्हा हाफ मॅच दोघांपैकी कुणाचा घ्यायचा हे या टेस्टवर बरंच ठरतं.

आणि त्यातूनच एक तातडीचं: भाच्याला रक्त किंवा प्लेटलेट लागल्या की घरचेच पुढं होतात, वडील देतात, मामा देतात, प्रेमापोटी. ते थांबवा. घरच्यांचं रक्त चढवलं तर ज्यांचा मॅरो उद्या लागू शकतो त्यांच्याच विरुद्ध त्याचं शरीर आज तयार होतं. तुम्ही ब्लड बँकेत दुसऱ्या कुणासाठी द्या आणि बदल्यात बाहेरच्या डोनरची पिशवी घ्या, आणि पिशवी ल्युकोरिड्यूस्ड (पांढऱ्या पेशी गाळलेली), इरॅडिएटेड (किरणांचा मारा केलेली) आहे का हे दर वेळी लेबल वाचून बघा, वॉर्डात गर्दी असली की ते विचारायचं राहून जातं.